सगळ्यांची अंथरुणं दोरीवर

बाई गेल्यावर वाशीच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. मी मागच्या रांगेत बसले होते. एकामागून एक माणसं उठत होती आणि बाई किती शांत, किती सोज्वळ, किती मृदुभाषी होत्या ते सांगत होती. मृदुभाषी! माझ्या शेजारी आमच्या दरडग्रस्तांच्या शिबिरातली एक बाई बसली होती. तिने मला कोपर मारलं आणि कानात म्हणाली, "ताई, आपन चुकून दुसऱ्या कुनाच्या सभेला तर नाय ना आलो?" मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी असा संताप आला की मी उठून बाहेर निघून आले. जन्मभर जिने कुणाची भीड ठेवली नाही, तिला मेल्यावर या लोकांनी साखरेच्या पाकात बुडवून टाकलं. त्या रागात हे लिहितेय, तेव्हा गोड काही मिळायचं नाही.

बाई भांडकुदळ होत्या. लहान मुलांच्या डॉक्टर, कधीच्या निवृत्त झालेल्या, सत्तरी उलटलेली. घर मूळचं रायगडच्या किनाऱ्यावरचं, कोकणी मुसलमान. वाशीला जुन्या सोसायटीत मुलाकडे राहायच्या. सुती साडी, डोक्यावर पदर, पायात पुरुषांचे कातडी सँडल. गाडी स्वतः चालवायच्या, रस्त्याच्या बरोब्बर मधून, आणि काच कायम खाली, कारण रिक्षावाल्यांना शिव्या देताना काच आड यायची. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट खायच्या, जिथे असतील तिथे. शिबिराच्या ऑफिसात एसीमध्ये बसून सुकट खायच्या तेव्हा तर मुद्दाम सावकाश खायच्या.

मी त्या शिबिरात एका संस्थेकडून पगारावर होते. आम्ही साताऱ्याकडचे, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, पाठीवर गोणी वाहून त्यांनी आम्हाला शिकवलं. राग आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकावर. पण नोकरी टिकवायची तर तो गिळायचा, एवढं मी शिकून घेतलं होतं. बाईंनी ते शिक्षण पार मोडून काढलं.

शिबिर म्हणजे काय, तर बेलापूरच्या पुढे खाडीच्या अंगाला एका रिकाम्या प्लॉटवर उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोल्या. डोंगराच्या कडेला वस्ती होती, पावसात दरड आली, अर्धी वस्ती गेली. उरलेल्यांना इथे आणून टाकलं. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," असं सांगितलं होतं. पुढचा पावसाळाही तिथेच गेला. कागदोपत्री या माणसांना 'लाभार्थी' म्हणायचे. पहिल्याच मीटिंगमध्ये बाई भडकल्या.

"लाभार्थी? यांचा लाभ काय झाला, तो तरी सांगा मला. घर गेलं, माणसं गेली, हा लाभ? निर्वासित म्हणा. जे आहे ते म्हणा."

"मॅडम, तो शब्द जरा... पेपरवाले उचलतात," केंद्रप्रमुख साहेब म्हणाले. साहेब वाईट माणूस नव्हते, हेच वाईट होतं. वाईट माणसाशी सरळ भांडता येतं. साहेब हसून म्हणायचे, "टेन्शन नका घेऊ, बघू आपण," आणि काहीही बघायचे नाहीत.

बाईंना तिथे बोलावलं होतं सर्दी-खोकला तपासायला, आठवड्यातून एकदा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वेगळंच काही पाहिलं. खोल्यांमध्ये वास होता. पोरं सकाळी कोपऱ्यात उभी होती, आया ओल्या गोधड्या पत्र्यामागे लपवून वाळत घालत होत्या. पावसात त्या वाळायच्या नाहीत, रात्री तशाच दमट अंथरायच्या. चांगली आठ-दहा वर्षांची, शहाणी, आधी कधी असं न करणारी पोरंसुद्धा अंथरूण ओलं करत होती. कुणी बोलत नव्हतं. आया म्हणायच्या, "डाक्टर, ह्याला जरा तो त्रास आहे."

"कसला त्रास?"

"तो... एक नंबरचा."

"मुततो का अंथरुणात? मग तसं सांग ना, बाय! खोकला म्हणतेस, ताप म्हणतेस, मग मुतणं म्हणायला काय झालं? मी मुतते. हे साहेब मुततात. साहेब, शेवटचं कधी मुतलात?"

हा प्रश्न बाई कुणालाही विचारायच्या. इंजिनियरला, नगरसेवकाला, एकदा तर पाहणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "ऑफिसमधून निघताना." "चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "आता सांगा, तिथल्या संडासाला कुलूप लावलेलं असतं तर काय केलं असतं?" पोरांनी त्यांचं नाव मुतवाली बाई ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. पोरांना मात्र त्या साहेब आणि मॅडम म्हणायच्या. "काय मॅडम, झोप लागली का?" "या साहेब, बसा." ज्या पोरांना दिवसभर कुणी ए आणि अरे याच्यापुढे काही म्हणायचं नाही, ती खुर्चीत ताठ होऊन बसायची.

एका सकाळी मी गेले तर नळावर घोळका जमलेला. एका बापाने आपल्या पोराला ओली गोधडी डोक्यावर देऊन उभं केलं होतं, सगळ्यांसमोर. "लाज वाटू दे भाड्याला," म्हणत होता. पोरगा सात-आठचा असेल. रडत नव्हता, नुसता थरथरत होता आणि बायका पाण्याच्या रांगेत उभ्या राहून बघत होत्या. दोघीतिघी हसत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे व्हायच्या आत बाईंची गाडी फाटकातून आत आली.

बाई उतरल्या. मला वाटलं, आता बापाच्या कानाखाली जाळ काढतात. त्यांनी बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराच्या डोक्यावरची गोधडी उचलली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि चालायला लागल्या. पांढऱ्या साडीवरून मुताचं पाणी ओघळत होतं. प्रत्येक गल्लीतून, प्रत्येक दारासमोरून त्या तशा चालल्या. मागे पोरं, त्यांच्या मागे बायका. कुणाला हसता येईना. शेवटी ऑफिसात शिरल्या आणि साहेबांच्या फिरत्या खुर्चीत ती गोधडी घेऊन बसल्या. साहेब टेबलाच्या पलीकडे उभे.

"मॅडम, हे काय?"

"लाज. तुमची आहे. पोचवायला आले."

त्या दिवसापासून बाईंनी शिबिरात एक रीत घालून दिली. सकाळी प्रत्येकाने आपलं अंथरूण बाहेर दोरीवर टाकायचं. कोरडं असो, ओलं असो, म्हाताऱ्याचं असो, नव्या लग्न झालेल्याचं असो. सगळी अंथरुणं बाहेर आली की कुणाचं का आलंय हे कुणाला कळत नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले. तेव्हा बाई रोज सकाळी वाशीहून स्वतःच्या पलंगावरची चादर गाडीत घालून आणायला लागल्या आणि सगळ्यांसमोर दोरीवर टाकायला लागल्या. रोज! वेलबुट्टीची, निळी चादर. सून म्हणायची, अम्मी, पेट्रोल किती जातं. बाई म्हणायच्या, जाऊ दे. महिनाभरात अख्खं शिबिर सकाळी चादरींनी भरून जायला लागलं आणि पोरांची मान जरा वर आली.

पण ओलं होणं थांबलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं कुलूप. संडासांची रांग प्लॉटच्या टोकाला, दिवा नाही आणि अंधार पडला की साहेबांच्या हुकमाने तिला कुलूप. चावी सांभाळायला जवळच्याच सारसोळे गावची एक मावशी होती, साफसफाईच्या कंत्राटावर. बाई तिच्यावर धावून गेल्या तर तिनेही ऐकून घेतलं नाही.

"मना काय बोलतंस, बाय? सायबानी सांगलंय कुलूप घाल. रातच्याला पानी वाया जातंय बोलतान. माझी नोकरी हाय ती."

मावशीचं बरोबर होतं. मग बाईंनी एका दुपारी बेलापूरच्या बाजारातून एक मोठं पितळी कुलूप आणलं. ऑफिसच्या मागे साहेबांचा स्वतंत्र संडास होता, टाइल्स लावलेला. त्याला ते ठोकलं, चावी ब्लाउजमध्ये टाकली आणि दारासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून डबा उघडला. साहेब जेवून, ताक पिऊन आले.

"मॅडम, चावी."

"गैरवापर होतो."

"मॅडम, मस्करी नको."

"पाणी वाया जातं. सकाळी उघडते, या."

"अर्जंट आहे हो!"

"टेन्शन नका घेऊ," बाई म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. "बघू आपण."

तोवर निम्मं शिबिर गोळा झालं होतं. सारसोळ्याची मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. साहेब शेवटी गाडी काढून हायवेवरच्या पेट्रोल पंपावर गेले. त्या संध्याकाळपासून संडासाचं कुलूप निघालं. दिवा लागायला मात्र आणखी दोन भांडणं लागली. आणि खरं सांगते, कुलूप निघाल्यावर निम्म्याहून जास्त पोरं कोरडी उठायला लागली. एवढंच होतं. पोरांना रात्री मुतायला जागा हवी होती. यासाठी आमच्या संस्थेने मुंबईहून समुपदेशक बोलावले होते, रंगीत खडू देऊन पोरांकडून दरडीची चित्रं काढून घेतली होती.

उरलेल्यांत सोनल होती. हे सगळं ज्यासाठी सांगतेय ती ही. दहा वर्षांची, काळीसावळी, लांब वेणीची पोर. बाप दरडीखाली गेला. आई वाशीच्या मार्केटात कांदा निवडायला जायची. सोनल रात्री तर ओली व्हायचीच, पण दिवसाही. फ्रॉकच्या आत फडकी घालायची, तासातासाला बदलायची आणि शाळेत शेवटच्या बाकावर एकटी बसायची. कुणाला कळू नये म्हणून तिचा जीव वरखाली व्हायचा. हे दिवसाचं फक्त तिच्या आईला, बाईंना आणि मला माहीत होतं. रात्रीचं सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे म्हणायचे, बापाचा धक्का बसलाय. समुपदेशक म्हणाले. साहेब म्हणाले. बाईसुद्धा म्हणाल्या, "भीती आहे, जाईल हळूहळू. रात्री उठ, जा, मुतून ये." आई एकदा म्हणाली होती, "तिला पैल्यापासूनच हाय, डाक्टर." पण बाईंचं म्हणणं एकदा ठरलं की ठरलं. त्यांनी तिला हाताने गप्प केलं.

मग तो कार्यक्रम झाला.

वाशीतलं एक मंडळ होतं, अध्यक्षांच्या वाढदिवसाला काहीतरी वाटणारं. वह्या वाटून झाल्या होत्या, ब्लँकेटं झाली होती. साहेबांनी पोरांच्या अंथरुणांचं कुठेतरी सहज बोलून दाखवलं असणार, आणि मंडळाच्या अध्यक्षांना कल्पना सुचली. कल्पना सुचली की पहिला फोन फ्लेक्सवाल्याला, हा आपल्याकडचा शिरस्ता. मी सकाळी शिबिरात पोचले तर फाटकावर हा एवढा मोठा फ्लेक्स लागलेला: "अंथरूण ओले करणाऱ्या निष्पाप बालकांना मोफत डायपर वाटप." खाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, त्याच्या खाली शुभेच्छुक. मी तशीच ऑफिसात शिरले.

"साहेब, हे काढा."

"अहो, चांगलं काम आहे. टेन्शन नका घेऊ."

"पोरांची नावं घेऊन वाटणार?"

"मग कुणाला दिलं कसं कळणार? सामान आहे, हिशोब नको?"

आयांना त्यांनी सांगितलं होतं, ज्यांच्या पोरांना त्रास आहे त्यांनी नावं द्या, सामान मिळेल. सोनलच्या आईने दिलं होतं. का देणार नाही? पाऊस सुरू होता, फडकी वाळत नव्हती, पोरीच्या मांड्या सोलून निघाल्या होत्या. तिला वाटलं, कुणीतरी गुपचूप खोलीत आणून देईल. बाईंना मुद्दाम कळवलं नव्हतं. मी बाहेर जाऊन त्यांना फोन लावला. पलीकडून फक्त गाडीच्या किल्लीचा आवाज आला.

पाहुणे येणार म्हणून सकाळच्या दोऱ्या काढायला लावल्या होत्या. शामियाना, स्टेज, माईक. आणि स्वागतगीताला कोण, तर शेजारच्या शाळेतली पोरं. सोनलचाच वर्ग. सोनलला आवाज बरा म्हणून तिला पहिल्या ओळीत उभं केलं होतं, हातात गुलाबाचं फूल देऊन. ती इतकी खूश होती! तिला माहीतच नव्हतं कशाचा कार्यक्रम आहे. फ्लेक्स फाटकाच्या बाहेरच्या बाजूला होता.

गाणं झालं, टाळ्या झाल्या, अध्यक्षांचं भाषण झालं. मग निवेदिकेने गोड आवाजात नावं घ्यायला सुरुवात केली. पहिला एक छोटा पोरगा, त्याला काही कळत नव्हतं, तो हसत पुढे गेला, पाकीट घेतलं, फोटो झाला. दुसरा पळून गेला. मग ती म्हणाली, "कुमारी सोनल," आणि आडनावसुद्धा घेतलं.

सोनल हलली नाही. फूल हातात तसंच. पूर्ण वर्ग तिच्याकडे वळला. तिच्या शेजारची मुलगी एक पाऊल बाजूला सरकली. ते एक पाऊल मी विसरू शकत नाही. "सोनल, बाळा, ये ना, लाजायचं काय त्यात?" निवेदिका म्हणाली, आणि फोटोग्राफर खाली उतरून तिच्या दिशेने निघाला.

तेवढ्यात बाई स्टेजच्या पायऱ्या चढताना दिसल्या. धापा टाकत होत्या. त्यांनी निवेदिकेच्या हातून माईक ओढून घेतला.

"द्या. माझं नाव घेतलंत ना? द्या."

"आजी, हे लहान मुलांसाठी आहे," अध्यक्ष हसत म्हणाले.

"का, म्हातारे काय दगड असतात? मी तीन बाळंतपणं केली. खोकले की गळतं. शिंकले की गळतं. आत्ता रागाने या पायऱ्या चढले तेव्हाही गळलंय. ए कॅमेरावाल्या, इकडे ये! काढ फोटो! कॅमेरा खाली का केलास? लहान पोरीचा काढताना हात चालत होता ना? अध्यक्षसाहेब, या, पाकीट द्या माझ्या हातात, हसा. तुमच्या आईला होतं का हो हे? बायकोला? त्यांची नावं घ्या ना माईकवर! आडनावासकट घ्या!"

मला मनातून वाटत होतं, शिबिरातली एखादी तरी बाई उठेल, म्हणेल, मलाही होतं. कुणी उठलं नाही. कशा उठतील? नवरे बसले होते, सासरे बसले होते. अध्यक्षांची बायको खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. बाईंनी सगळे खोके आपल्या गाडीत चढवून घेतले. डायपर वाईट नव्हते. पुढे बाईंनीच ते वर्तमानपत्रात गुंडाळून एकेका घरी पोचवले.

कुणीतरी मोबाइलवर काढलेला बाईंचा स्टेजवरचा फोटो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. त्यांचा मुलगा चिडला. "म्हणतो, अम्मी, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," बाईंनी मला सांगितलं. "मी म्हटलं, बेटा, तुझे लंगोट मी धुतले तेव्हा तुझं तोंड कुठे होतं?"

पण बाईंनी एवढं करूनही सोनल काही वाचली नाही. नाव घेतलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या बाकावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं. ती शाळेतून परत आली ती पुन्हा गेली नाही. आणि तिने पाणी प्यायचं सोडलं. आधीही ती कमीच प्यायची. पाणी नाही तर मूत नाही, एवढा साधा हिशोब तिने मनाशी केला होता, आणि तिला तसं सांगणारे मोठेही होतेच. आता ती नुसते ओठ ओले करायची. काही दिवसांतच तिला थंडी वाजून ताप भरला, कंबर दुखायला लागली.

बाई तिच्या खोलीत गेल्या, जमिनीवर बसल्या आणि ओरडायलाच लागल्या. "मूत्रपिंडं सडवायचीयत का, मॅडम? पाणी का पीत नाही? कुलूप काढलं ना मी? दिवा लावला ना? उठायचं, जायचं, मुतायचं. काय अवघड आहे त्यात?"

सोनल तापाने लाल झाली होती. ती उठून बसली आणि बाईंपेक्षा मोठ्याने ओरडली.

"मी जाते! रात्री उठून जाते, मुतते! शाळेतपण सुट्टीत जाते, मुतते! सगळं मुतून येते आणि बाकावर बसले की तरीपण गळतं! बसून गळतं, उभं राहून गळतं, सारखं गळतं! तुम्ही सगळे नुसतं जा जा म्हणता!"

बाईंचा आवाज खाली आला. तो खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"मुतून आल्यावरसुद्धा?"

"हो."

"कधी कोरडी असतेस का गो तू? कधीतरी? एक तास?"

"नाय."

बाई आईकडे वळल्या. आई दारात उभी होती, मार्केटातून तशीच आलेली, हाताला कांद्याचा वास. "कधीपासून?"

"पैल्यापासून," आई म्हणाली. तिचा आवाज चढला. "जल्मल्यापासून हाय. किती जनांना सांगितलं मी. तुमाला पन सांगितलं. तुमी बोलल्या, धक्का बसलाय. आता बापाच्या आधीपासूनचा धक्का कसा आसंल ते तुमीच सांगा."

बाई उठल्या, बाहेर गल्लीत गेल्या आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी गाढव आहे! ऐका रे सगळे! पोरीची आई सांगत होती, आणि एवढी शिकलेली ही गाढव तिला हात दाखवून गप्प करत होती!" लोक खोल्यांतून बाहेर येऊन बघायला लागले. बाई तसंच पुन्हा एकदा म्हणाल्या. मग आत आल्या, सोनलला शालीत गुंडाळलं आणि गाडीत घातलं.

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बाईंच्या हाताखाली शिकलेला सर्जन होता. तपासण्या झाल्या. बाईंना गाडीतच जो संशय आला होता तो खरा निघाला. सोनलला मूत्रपिंडाकडून येणारी एक जादा नळी होती, आणि ती लघवीच्या पिशवीत उघडायच्या ऐवजी भलतीच खाली उघडली होती. पिशवी आपली नीट भरायची, नीट रिकामी व्हायची. ती नळी मात्र रात्रंदिवस गळत राहायची. त्याला ना भीतीचा संबंध, ना बापाचा, ना पोरीच्या वळणाचा. एक ऑपरेशन, की बरं होणारं दुखणं. आणि त्याच्यासाठी त्या पोरीने जन्मल्यापासून बोलणी खाल्ली, मार खाल्ला, दरडीचं चित्र काढलं, माईकवर आडनावासकट नाव ऐकलं! अजून हे लिहिताना माझे हात गरम होतात.

ताप उतरल्यावर ऑपरेशन झालं. मग काही दिवस लघवीची नळी लावलेली होती. ती काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाई वॉर्डात गेलो. सोनल पलंगावर बसली होती. ती अंगाखाली हात घालून चादर चाचपत होती, हात बाहेर काढून बघत होती, पुन्हा घालत होती. आई तिच्याकडे टक लावून बघत होती. चादर कोरडी होती. पण उशाशी पाण्याचा पेला भरलेला तसाच.

"काय मॅडम," बाई म्हणाल्या, "सकाळपासून पाणी किती झालं?"

"नाय प्यायले."

"का?"

सोनलने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. "पिऊ?"

दहा वर्षांची पोर विचारत होती, पाणी पिऊ का. आईने तोंड फिरवलं. बाईंनी पेला तिच्या हातात दिला. सोनल प्यायली, पाय घट्ट जवळ घेऊन बसून राहिली, डोळे मिटून. आम्ही तिघी वाट बघत होतो. काही झालं नाही. तिने डोळे उघडले आणि रिकामा पेला पुढे केला.

"अजून."

बाईंनी पाण्याचा जग उचलला. पेल्याकडे न बघता, सोनलच्या तोंडाकडे बघत त्या ओतायला लागल्या आणि पाणी पेल्यात कमी आणि सोनलच्या मांडीवर, चादरीवर जास्त सांडलं. भला मोठा ओला डाग पसरला.

"मी नाही केलं!" सोनल किंचाळली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती पलंगाच्या कोपऱ्यात सरकली. "आई, मी नाही केलं, देवाशपथ, मी नाही केलं!"

सिस्टर धावत आली. "कुणी ओली केली चादर? आत्ताच बदलली होती ना?"

"मी," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र नेहमीसारखाच मोठा. "मी ओली केली. काय ते मला बोला. तू नाही गो, सोनल. मी केलं."

सोनलने हळूच हात खाली घेतले. चादरीचा ओला भाग मुठीत धरून नाकाशी नेला आणि हुंगला. नुसतं पाणी होतं. तिने पुन्हा एकदा हुंगून बघितलं. मग पेला उचलून बाईंच्या समोर धरला.

"परत ओता," ती म्हणाली. "आणि नीट ओता."